पाल्यासकट गाजरं

ट्रामचं दार उघडलं आणि एनोराला समोर स्वतःचाच चेहरा दिसला. क्षणभर तिला वाटलं, काचेतलं प्रतिबिंब असेल. पण दार तर बाजूला सरकलं होतं, आणि ती स्वतः काही हसत नव्हती. थांब्यावरच्या उजेडाच्या चौकटीत, जिथे कालपर्यंत जाहिरातीतली एक बाई नव्या गादीवर लोळत होती, तिथे आता एनोरा उभी होती. माणसापेक्षा मोठी, तोंड भरून हसणारी, दोन्ही हातांनी पाल्यासकट गाजरांची जुडी छातीशी धरलेली. डोक्यावर हिरवी ठसठशीत अक्षरं होती, 'नीट जेवा, नीट शिका.' आणि पायाशी विद्यापीठाने केलेला उपदेश: न्याहारी चुकवू नका, रोज ताजी भाजी खा, जेवायला वेळ काढा. मागून कुणाची तरी सॅक पाठीत लागली, उतरायचंय की नाही असं कुणीतरी पुटपुटलं, आणि ती उतरली ती थेट त्या चौकटीसमोरच. माणसं दोघींच्या मधून वाट काढत गेली. कुणीही एकदा तिच्याकडे आणि एकदा चित्राकडे पाहिलं नाही. तिला पहिल्यांदा राग आलाच नाही. पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की ही मुलगी किती छान दिसते. गाल किती भरलेले, किती लाल. मग लक्षात आलं की गाल लाल केलेत. आणि मग ती त्या मुलीच्या खांद्यामागे बघू लागली, कारण तिथे बरंच काही असायला हवं होतं. जॅकेटची टोपी डोक्यावर ओढलेला एक उंच मुलगा असायला हवा होता, चाकांची पिशवी घेतलेली एक मुलगी, आणि त्यांच्या मागे क्रीडागृहाच्या भिंतीला धरून वळत गेलेली, पावसात भिजणारी, फोनमध्ये डोकी खुपसून उभी असलेली सगळी रांग. तिथे आता नुसती हिरवट धूसर झाडी होती. फेब्रुवारी महिना होता तो. फ्रान्सच्या या ब्रिटनी भागात फेब्रुवारीत असलं हिरवं कुठेही नसतं.

फोटोचा तो बुधवार तिला स्पष्ट आठवत होता, कारण त्या दिवशी ती खरंच हसली होती. दर बुधवारी दुपारनंतर क्रीडागृहामागच्या गाड्या लावायच्या जागेत एक संस्था विद्यार्थ्यांना धान्यभाजी वाटायची. टेबलं मांडलेली असायची. पहिल्यावर पास्ता नाहीतर तांदूळ, दुसऱ्यावर डबे, शेवटच्यावर भाज्या. भाज्यांच्या टेबलामागे फिरमँ नावाचे एक निवृत्त गृहस्थ असायचे, कानटोपी घातलेले, नाक कायम ओलं. त्यांनी गाजरांची जुडी तिच्या हातात दिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, पाला टाकू नकोस हं, सशाला घाल. ती म्हणाली, माझ्याकडे ससा नाहीये. त्यावर ते तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मग तूच खा. कोण बघतंय?" आणि तिला हसू फुटलं. ओठांवरचं नव्हे, पोटातून, जिथे सकाळपासून काही गेलं नव्हतं तिथून ते उसळून वर आलं, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याचा आवाज झाला. फोटो काढणाऱ्याने अंगठा वर केला, संस्थेसाठी आहे, चालेल ना, असं काहीसं विचारलं. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिने मान हलवली. एवढंच. त्या संध्याकाळी तिने गाजरं बाजूला ठेवली आणि पाला चिरून पास्त्यात घातला, कारण पाला टिकत नाही आणि गाजरं टिकतात. चव मातीसारखी होती, कडवट. आणि तरी खाताना फिरमँचं वाक्य आठवून ती खोलीत एकटीच पुन्हा हसली होती. ते हसू तिचं होतं. त्या आठवड्यात तिच्या मालकीचं म्हणावं असं बहुधा तेवढंच होतं. ते विद्यापीठाने उचललं, धुतलं, रंगवलं आणि उपदेशाच्या वर टांगलं.

राग आला तो प्रयोगशाळेत, दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना. ती भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. काचेखाली रंगांचे तुकडे चमकत होते आणि तिला ते नीट जुळवता येत नव्हते, बोटं थरथरत होती. ही थरथर तिच्या ओळखीची होती. भूक म्हणजे पोटात कावळे ओरडतात असं लोक समजतात. ते पहिल्या काही दिवसांपुरतं. नंतर कावळे गप्प होतात. नंतर भूक बोटांच्या टोकांत जाऊन बसते, थंडगार. मग नाकात येते. कुणी तीन बाकं सोडून केळं सोललं तर कळतं. ट्राममधल्या बाईच्या पिशवीत ताजा पाव आहे आणि त्याचं टोक तिने मोडून खाल्लंय, हे पिशवी न बघता सांगता येतं. मग एक विचित्र लख्खपणा येतो. डोकं इतकं हलकं, इतकं स्वच्छ होतं की वाटतं, आपण फार हुशार झालोय. आणि त्याच वेळी कालच वाचलेलं वाक्य काही केल्या आठवत नाही. जिन्याचा कठडा आधी नुसता असायचा, मग तो धरायची वस्तू झाला. आणि या सगळ्यावर पांघरूण घालायची एक कला असते, ती कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. मित्रमैत्रिणी बाजारात काळ्या गव्हाच्या धिरड्यात गुंडाळलेलं सॉसेज घ्यायला निघाल्या की आत्ताच जेवले गं म्हणायचं, आणि म्हणताना पोटावर हात फिरवायचा. कुणी खायला पुढे केलं तर एक घास घ्यायचा, दुसरा कधीच नाही. विद्यापीठाच्या खानावळीत दुपारचं ताट घेतलं तर पाव शक्य तितका घ्यायचा आणि कोटाच्या खिशात सरकवायचा, पण चालताना खिशावर हात ठेवायचा नाही, कारण हात ठेवला की लोकांचं लक्ष जातं. न्याहारी चुकवू नका. तिने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. न्याहारी ती चुकवत नव्हती. न्याहारी तिला चुकवत होती.

दुसऱ्या दिवसापर्यंत चित्र सगळीकडे झालं होतं. ग्रंथालयाच्या दारावर, खानावळीत ट्रे ठेवायच्या जागी, स्वच्छतागृहात हात वाळवायच्या यंत्राशेजारी. तिची वर्गमैत्रीण सोलेन लांबूनच हात पसरत आली. "काय गं गाजरवाली, आम्हाला सांगायचंस तरी. मॉडेल झालीस आणि चहासुद्धा नाही?" सगळे हसले, एनोराही हसली. सोलेन मनाने वाईट नव्हती. तिचे वडील दर पंधरा दिवसांनी गाडी घेऊन यायचे आणि चीज, मांसाचे डबे, आजीची सफरचंदाची चटणी असं सगळं खोलीत भरून जायचे, आणि सोलेन त्यातलं अर्धं बुरशी आली म्हणून फेकून द्यायची. एकदा एनोराने ते कचऱ्याच्या डब्यात पाहिलं होतं. चीजची एक अख्खी फोड, फक्त कडेला निळसर. ती तिथे बराच वेळ उभी राहिली होती आणि मग निघून गेली होती. आणि जिना उतरताना तिच्या मनात आलं होतं की मी ती उचलली नाही याला स्वाभिमान म्हणायचं की सोलेन दार उघडेल याची भीती, हे मला कधीच कळणार नाही. गाजरवाली हे नाव मात्र चिकटलं. व्याख्यानाच्या सभागृहात मागून कुणीतरी सशासारखा आवाज काढायचं. ती वळून हसायची. आपण इतकं हसू शकतो याचीच तिला चीड येत होती.

रविवारी आईचा फोन आला. आनिक, तिची आई, केर्लान नावाच्या समुद्राकाठच्या छोट्या गावात प्राथमिक शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. एनोराही त्याच कँटीनमध्ये जेवून वाढली होती. आई मोठ्या डावाने वाढायची आणि आपल्या मुलीला इतरांपेक्षा जराही जास्त वाढायची नाही, यावर तिचा कटाक्ष होता. दर रविवारी आई विचारायची, आठवड्यात काय काय जेवलीस, आणि एनोरा सांगायची. सुरुवातीला सुचायचं नाही. मग तिने एक युक्ती काढली. ती डोळे मिटून त्या कँटीनमधला जुना आठवडा आठवायची आणि तोच सांगायची: सोमवारी किसलेलं गाजर आणि उकडलेलं अंडं, मंगळवारी मसूर, शुक्रवारी मासा आणि खाऱ्या लोण्यातले बटाटे. सांगता सांगता तोंडाला पाणी सुटायचं आणि त्यामुळे आवाज खरा वाटायचा. आई म्हणायची, छान, छान. या रविवारी मात्र आईने विचारलंच नाही. ती बोलतच सुटली होती. नगरपालिकेतल्या एका बाईंची मुलगी त्याच शहरात शिकायला होती, तिने चित्र पाहिलं, आईला पाठवलं. आईने ते मोठं करून छापून आणलं आणि कँटीनच्या भिंतीवर, मुलं हात धुतात त्या नळांच्या वर लावलं. "अगं, पोरं आता गाजरं खायला लागलीत. मी सांगते त्यांना, ही बघा आमची एनोरा, ही गाजरं खाते म्हणून विद्यापीठात गेली." तिच्या आवाजात असा एक उजळपणा होता जो वडील माशांच्या लिलावातलं काम सोडून पाठदुखीने घरी बसल्यापासून एनोराने ऐकला नव्हता. बुधवारी शाळा नसते, आई पुढे म्हणाली, तर मी येतेच तिकडे, खरं मोठं चित्र बघायला. एनोराने ये म्हटलं.

सोमवारी ती विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात गेली. ते चित्र आई येण्याआधी उतरवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिथल्या प्रमुख मादाम पिव्हतो पन्नाशीच्या, रेशमी रुमाल बांधलेल्या, मनापासून चांगल्या वागणाऱ्या बाई होत्या. आणि एनोराची अडचण इथूनच सुरू झाली, कारण भांडायला निदान एक वाईट माणूस लागतो. बाईंनी तिला पाहताच ओळखलं, उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. चित्र संस्थेकडून रीतसर आलं होतं म्हणाल्या. सगळ्यांना फार आवडलंय, कुलगुरूंनासुद्धा.

"पण तुम्ही किती छान दिसताय त्यात," त्या म्हणाल्या.

"रांग कुठे गेली?" एनोराने विचारलं.

"कुठली रांग?"

"माझ्या मागची."

मादाम पिव्हतो क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी समजावून सांगितलं. मागे जरा गिचमिड होती, म्हणून चित्रकाराने ती साफ केली. आणि संदेश आनंदी असायला हवा ना; रांगेतली माणसं बघून कुणाला भाजी खावीशी वाटेल? त्यांनी पाहणी केली होती विद्यार्थ्यांची. मुलं न्याहारी करत नाहीत, रोज पास्ता खातात, फळांना हात लावत नाहीत. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. मुळात सवयच लागलेली नसते, त्या म्हणाल्या, घरून निघतात तेव्हा साधे मसूर कसे शिजवायचे तेही माहीत नसतं. म्हणून तर विभागाने पाककृतींचे वर्ग सुरू केले होते, अगदी मोफत, आणि एनोराने त्यात यावं, इतरांना हुरूप येईल. एनोरा ऐकत होती. बाईंच्या टेबलावर अर्धवट खाल्लेला बदामाचा केक होता, एका कागदावर, कॉफीच्या कपाशेजारी. त्याच्या वासाने तिच्या डोळ्यांपुढे सगळं जरा पांढुरकं झालं. तिला आईचे मसूर आठवले, मोठ्या पातेल्यात रटरटणारे, गाजराच्या चकत्या, तमालपत्र, वर तरंगणारा चरबीचा सोनेरी थेंब. आणि ही बाई सांगत होती की तुमच्या घरी शिकवलं नाही. म्हणजे त्यांना वाटतं, आम्ही अडाणी आहोत म्हणून उपाशी आहोत. भूक आमच्या पोटात नाही, आमच्या डोक्यात आहे, असं. हे सगळं ती नीट मांडून बोलणार होती, तिने जिन्यात तयारी केली होती, पण ऐन वेळी वाक्यांनाच पाय फुटले. उरलं ते एवढंच:

"मला मसूर शिजवता येतात, मादाम. मसूर नसतात तेव्हा काय शिजवायचं, ते शिकवता का तुमच्या वर्गात?"

बाईंचे कान लाल झाले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की शेजारच्या इमारतीत समाजसेविका बसतात, पुढच्या महिन्यातली वेळ मिळू शकेल. आणि चित्राचं म्हणाल तर जागा आगाऊ घेतल्यात, महिनाअखेरपर्यंत काही करता येणार नाही, पण मी वर कळवते. त्यांनी खरंच दुखावल्यासारखा चेहरा केला होता, आणि एनोराच आता त्यांची क्षमा मागणार की काय असं वाटू लागलं. निघताना त्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढून तिच्या हातात दिली. आत पाण्याची बाटली, गाजरं छापलेली पत्रकं आणि एक सफरचंद होतं. पिशवी तिथेच फेकून येणं किती सोपं होतं, किती शोभलं असतं. एनोराने ती घेतली. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती थांबली आणि तिथेच उभ्याने तिने ते सफरचंद खाल्लं, घाईघाईने, रस मनगटावर ओघळेपर्यंत, बिया आणि मधल्या गाभ्यासकट. फक्त देठ उरला. सफरचंद चांगलं होतं. आंबटगोड, करकरीत, बहुधा इथल्याच बागेतलं. ते चांगलं होतं याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. सडकं असतं तर निदान तिरस्कार तरी करता आला असता. पोटात ते पडताच अंगभर एक ऊब पसरली, आणि ती ऊब कृतज्ञतेसारखीच होती, अगदी तशीच. शरीराला अपमान कळत नाही. ते कुणाच्याही हातून घेतं आणि शेपूट हलवतं. तिने तोंड पुसलं. खालून दोन मुलं वर येत होती, त्यातल्या एकाने तिच्याकडे बघून सशासारखे दात दाखवले. या वेळी ती हसली नाही. मुलगा ओशाळला आणि भिंतीकडे बघत पुढे गेला.

बुधवारी आई आली. लग्नाला आणि मयताला घालायचा तो निळा कोट, केस नुकतेच कापलेले, आणि हातात जड पिशवी, ज्यातून एनोराला ट्रामच्या दारातच घरच्या केकचा, खाऱ्या लोण्याचा आणि मांसाच्या डब्याचा वास आला. आईने तिला मिठी मारली, आणि मारताना तिचा हात एनोराच्या पाठीवर, खांद्याच्या हाडावर, जरा जास्त वेळ थांबला. मग ती चित्राकडे वळली. इतकं मोठं आहे होय, म्हणाली. तिने चित्राच्या काचेवरचा एक डाग हातरुमालाने पुसला. मग फोन काढून ती येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघू लागली, कुणी आमच्या तिघींचा फोटो काढेल का म्हणून. मी, तू आणि ही. स्वतःच्याच विनोदावर ती हसली. एक तरुण थांबलासुद्धा. एनोराने त्याला नको म्हणून सांगितलं आणि तो गेला. आईने भुवया उंचावल्या. मागे ट्राम घंटा वाजवत निघाली, आणि तिचा आवाज विरेपर्यंत एनोरा थांबली.

"आई, हा फोटो जेवणाच्या रांगेतला आहे. इथे फुकट धान्य वाटतात विद्यार्थ्यांना, तिथला. मी दर बुधवारी जाते."

आईचा फोन धरलेला हात तेवढा खाली आला. ती चित्राकडेच बघत राहिली. एनोराने ठरवलं होतं की शांतपणे सांगायचं, आईला दोष लागेल असं काही बोलायचं नाही. वडिलांच्या पाठीचं, घरी होणाऱ्या ओढाताणीचं, ती इथे घेत असलेली शिकवणी सुटून पैसे थांबले त्याचं, सगळं सावकाश सांगायचं. पण आईचं ते गप्प राहणं, तो निळा कोट, तो पुसलेला डाग बघून तिच्या आत काहीतरी पेटलं आणि ज्याच्यावर पेटायला हवं होतं ते सोडून भलतीकडेच गेलं. "तुला दिसलं नाही? माझं मनगट बघ त्यात. घड्याळ कोपरापर्यंत सरकलंय. तू रोज पोरांची ताटं बघतेस, कोण जेवलंय कोण नाही ते लांबून ओळखतेस, आणि हे तू भिंतीवर लावलंस? नळाच्या वर?"

"दिसलं होतं," आई म्हणाली.

एनोरा थांबली.

"मनगट दिसलं होतं मला. पहिल्या दिवशीच." आई अजूनही चित्राकडेच बघून बोलत होती, जणू उत्तर त्या मुलीला द्यायचं होतं. "म्हटलं, हसतेय ना. खोटं हसत नाहीये, मी ओळखते. रोज सकाळी दिवे लावले की आधी ते हसणं बघायचे. खाली बघायचेच नाही."

एनोराला वाटलं होतं की खरं सांगितलं की राग निवेल. तो निवला नाही. त्याला नुसती बसायला जागा उरली नाही. आईवर तो टेकेना. मादाम पिव्हतोंवर टेकेना, त्या तर रात्री झोपल्याही नसतील. सगळे चांगलेच होते. सगळ्यांनी त्या हसण्याकडेच पाहिलं होतं, कारण हसण्याकडे बघितलं की मनगटाकडे बघावं लागत नाही. आणि तिने स्वतःने काय वेगळं केलं होतं? पोटावर हात फिरवत आत्ताच जेवले गं म्हणणारी ती, तिनेही मागची रांग पुसूनच टाकली होती, चित्रकाराच्या कितीतरी आधी. फक्त तिने ते लाजेने केलं होतं. त्यांनी कशाने केलं? या प्रश्नापाशी मात्र तिचा राग पुन्हा ताठ उभा राहिला, आणि आता तो थंड होता, धरता येण्यासारखा. आईने नाक पुसलं, पिशवी उचलली, म्हणाली, चल, आधी कुठेतरी बसून गरम काहीतरी खाऊ, मग बोलू. एनोराने नाही म्हटलं. माझी रांगेची वेळ झालीय.

"अगं, आता मी आणलंय ना इतकं सगळं."

"ते संपेल, आई. रांग पुढच्या बुधवारीही असेल."

आईने तिच्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच सरळ तिच्या तोंडाकडे. मग कोटाची वरची गुंडी लावली आणि म्हणाली, मी येते.

क्रीडागृहाच्या भिंतीला धरून रांग वळली होती. पाऊस नव्हता, नुसता समुद्राकडून येणारा ओला वारा. पुढच्या मुलाने वळून निळ्या कोटाकडे पाहिलं आणि आदराने जरा सरकून जागा केली. त्याला बहुधा वाटलं, कुणी पाहणी करायला आल्यात. आई ताठ उभी होती. ती काही विचारत नव्हती, पण तिचे डोळे फिरत होते, आणि एनोराला ते फिरणं ओळखीचं होतं: मुलं कँटीनमध्ये शिरताना आई दारात उभी राहून असंच बघायची, आज कोण मलूल आहे, कोणाला वरून थोडं घालायचं. इथे तिच्या हातात डाव नव्हता. रांग पुढे सरकली. पास्ता मिळाला, टोमॅटोचा डबा मिळाला, आणि शेवटच्या टेबलाशी फिरमँनी एनोराला पाहून चेहरा पाडला. चित्र त्यांनीही पाहिलं होतं. आम्हाला कुणी विचारलं नाही गं, ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. आमच्याकडे फक्त विद्यार्थ्यांना, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असावं. "ही माझी आई," एनोरा म्हणाली, मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं. फिरमँनी टोपी नीट केली आणि लीकची, जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीची, एक जुडी उचलून आईच्या दिशेने धरली. आईचे हात पुढे येईनात. आयुष्यभर ती टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली होती. या बाजूला हात कसे धरतात हे त्या हातांना माहीतच नव्हतं. आधी तिने एकच हात पुढे केला, मग दोन्ही, तळवे वर करून. "मेर्सी," ती म्हणाली, आणि आभार मानतानाचा तिचा तो आवाज एनोराने कधी ऐकलेला नव्हता. जुडी छातीशी धरून ती बाजूला झाली आणि वळून मागची रांग बघू लागली, जी भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे गेली होती.

"ह्या सगळ्यांच्या घरी माहीत आहे?" तिने विचारलं.

"नसेल बहुतेकांच्या," एनोरा म्हणाली.

चित्र महिनाभर राहिलं. उतरवलं गेलं नाही, आणि मादाम पिव्हतोंकडून काही कळलंही नाही. एनोरा रोज त्याच थांब्यावर उतरत राहिली. सोलेनने धिरडं खायला चल म्हटलं तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडे पैसे नाहीयेत, आणि मला भूक लागलीय. सोलेन तोंड उघडं टाकून उभी राहिली, मग तिने दोन घेतली, आणि तेव्हापासून दोघींमध्ये जो एक अवघडलेपणा आला तो पुढे कधी गेला नाही. प्रयोगशाळेत कुणी गाजरवाली म्हटलं तर ती आता सांगायची, कुठली गाजरं, कुठली रांग, कधी असते. बहुतेक जण हसायचे थांबायचे. एक मुलगा नंतर एकटा येऊन हळूच विचारून गेला, बुधवारी किती वाजता म्हणालीस.

आणि मग एका दुपारी, ती प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात उभी असताना आईचा फोन आला. आई भलत्या वेळी कधी फोन करत नसे. मागे नळांचा, थाळ्यांचा, आत येणाऱ्या मुलांचा आवाज होता. आईने कँटीनच्या भिंतीवरचं चित्र काढून टाकलं होतं. मुलांनी विचारलं, एनोरा कुठे गेली, आणि आईने त्यांना सांगितलं की त्या चित्रात ती भुकेली होती, आणि ते मला कळूनही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते घरोघर पोचलं. आज नगरपालिकेचे साहेब आले होते; लहान मुलांना असलं काही सांगू नये म्हणाले, त्यांची जेवणावरची वासना उडते, आणि त्या जागी दुसरं काहीतरी हसरं लावा.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, बसा. मुलं येतायत. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा त्यांना." आई जरा थांबली. "बसले नाहीत. काम होतं म्हणाले."

आई म्हणाली, थांब हं, वाढायचंय, आणि फोन बहुधा कट्ट्यावर तसाच उघडा ठेवला. आईचा आवाज लांब गेला, कुणाला तरी खाली बस म्हणाला. मग ताटांवर डाव आपटल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, न चुकता, सारख्याच मापाने. खुर्च्या सरकल्या, आणि हळूहळू सगळी बडबड विरून तिथे फक्त चमच्यांचा आवाज उरला, खूप सारी मुलं एकाच वेळी जेवत असल्याचा. एनोरा सकाळपासून काही खाल्लेलं नसताना बोळात भिंतीला टेकून, कानाला फोन घट्ट लावून तो आवाज ऐकत राहिली. आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने फोन बंद केला नाही.